पंगत आणि वाटी

श्रावण आला की गोदाकाठच्या गावांना सप्ताहाचे वेध लागतात. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह हा त्यांतला सर्वांत मोठा. पहाटेपासून घराघरांत भाकऱ्या थापल्या जातात, फडक्यांत बांधल्या जातात आणि टेम्पो-ट्रॅक्टरमधून सप्ताहाच्या जागी पोचतात. तिथे कढयांत उकळणारी आमटी त्यांवर पडते आणि पंगतींवर पंगती उठतात. शिर्डीचं प्रसादालय, शेगावच्या संस्थानातला महाप्रसाद, पंढरीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांना घातलं जाणारं जेवण हे सगळं याच जातीचं. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लंगरात तर रोज ५० हजारांहून अधिक माणसं जेवून उठतात. भुकेल्याला घास घालणं हे सर्वांत मोठं पुण्य, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, ३६ मुलांचं वजन कमी भरलं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या शंभरातल्या ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं नव्हतं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हेच प्रमाण ५४ टक्के होतं.

एवढं अन्न वाटलं जात असताना एवढी मुलं का खंगतात? सोपं उत्तर असं की वाटप अपुरं आहे, आणखी अन्नछत्रं हवीत. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. गरीब वस्त्यांतलं कुपोषण थोपवण्याची जी ताकद धर्मादाय कामात आहे, ती सरकारी यंत्रणेकडे किंवा बाजाराकडे सहजी येणारी नाही, याबद्दल मला शंका नाही. पण ती ताकद आज जिथे लावली जाते तिथे कुपोषण फारसं नसतं. पंगतीत येऊन बसतो तो चालता-फिरता माणूस. जिचं पोषण खरोखर धोक्यात आहे ती आठ महिन्यांची मुलगी पंगतीला बसत नाही, तिची पुन्हा दिवस गेलेली आईही बहुधा घरी किंवा उसाच्या फडावर असते. पंगत दिवसातून एकदा पोट भरते. या मुलीला दिवसातून चार-पाच वेळा, वर्ष-दीड वर्ष, रोज काहीतरी हवं असतं. भूक आणि उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपलं अन्नदान अजून पहिलीशीच झुंजत आहे.

उणीव म्हणजे काय, हे कळायला एक वाटी पुरते. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर अन्न मावतं, म्हणजे घरातली एक मध्यम वाटी. सहा महिने पूर्ण झाले की आईचं दूध एकटं पुरत नाही. आईच्या पोटातून बाळाने सोबत आणलेला लोहाचा साठाही याच सुमाराला संपत येतो, आणि आईलाच रक्तक्षय असेल तर तो मुळातच तोकडा असतो. आता वरचं अन्न सुरू व्हायला हवं. घरात ते सुरू होतंही, पण कसं? वरणावरचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. वाटीभर वरणाच्या पाण्याने बाळाचं पोट टम्म फुगतं, ते रडायचं थांबतं, आईला वाटतं जेवलं. प्रत्यक्षात त्या वाटीत पाणी आणि मीठच जास्त. त्याच वाटीत खालची घट्ट डाळ घेऊन भाकरी कुस्करली आणि चमचाभर तेल किंवा तूप सोडलं, तर तेलातूनच पंचेचाळीस कॅलरी मिळतात. शेवग्याचा किंवा दुसरा कुठला पाला मऊ शिजवून घोटला आणि वर लिंबू पिळलं, तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला दोनशे कॅलरी लागतात. दोनशे! एका भाकरीच्या आसपास. ज्या घरात ज्वारी आहे, डाळ आहे, तेलाची बुधली आहे, त्या घरातही बाळ खंगतं ते अनेकदा या एका वाटीच्या चुकीने. जिथे डाळ-तेलाचीच वानवा आहे तिथे तर बोलायलाच नको.

त्यात जुलाब होतात. खंगलेल्या बाळाला संसर्ग लवकर होतो, संसर्ग झाला की भूक मरते, पोटात गेलेलं टिकत नाही, वजन आणखी घटतं, पुढचा संसर्ग आणखी लवकर येतो. गोवरानंतर अ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठा संपून डोळ्याचं बुबुळ गेलेली मुलं एकेकाळी आपल्याकडे दुर्मीळ नव्हती. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आधी रातांधळेपणा येतो, ड च्या अभावाने मुडदूस होतो, आयोडीनच्या अभावाने गलगंड. यांना मराठीत जुनी नावं आहेत, कारण ती आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली दुखणी आहेत. रक्तक्षयाला मात्र घरोघरी नावच नसतं. ‘अशक्तपणा’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. दोन वर्षांच्या आत मेंदूची बहुतेक वाढ होऊन जाते, म्हणून गर्भारपण धरून पहिले हजार दिवस महत्त्वाचे. त्यानंतर शाळेत मिळणारी खिचडी कितीही चांगली असली तरी जे निसटलं ते पुरतं भरून काढू शकत नाही.

हे सगळं ज्ञान आज उपलब्ध आहे, मग अडतं कुठे? बाळाच्या तोंडात काय घालायचं हे ठरवते आई, आणि आईला सांगते सासू, शेजारीण, सुईण. पहिलं दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकायचं. बाळंतिणीला दोन दिवस कोरडंच ठेवायचं. पोटुशी बाई जास्त जेवली तर बाळ मोठं होऊन अडेल. मूल सुकलं तर ते देवीचं किंवा कोणाच्या नजरेचं. हे नियम शास्त्राच्या पुस्तकातून आलेले नाहीत. श्रद्धेच्या, धाकाच्या आणि प्रेमाच्या वाटेने ते घरात शिरले आहेत. त्यांना बाहेर काढायचं तर त्याच वाटेने आत जावं लागतं. एखादं माहितीपत्रक उंबऱ्यापर्यंत पोचतं, चुलीपर्यंत पोचत नाही. इथे धर्माच्या प्रेरणेने काम करणाऱ्या माणसाला एक जागा मिळते. तो निवडणुकीनंतर जाणार नाही, प्रकल्पाचा निधी संपला म्हणून जाणार नाही, त्याला या कामात स्वतःचं काहीतरी मोठं साधायचं आहे, असा विश्वास लोकांना वाटू शकतो. पण एवढ्यावर काम भागत नाही. विश्वास मिळाल्यावर त्याचं काय करायचं, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न. त्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत स्पष्ट उत्तर तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडने दिलं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. लग्न करताना त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचा संकल्प केला होता, आणि तो त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचाच भाग होता. जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बरी करून घरी धाडलेली मुलं त्याच दुखण्याने परत येतात. जुलाब थांबवून पाठवलेलं मूल दोन महिन्यांनी आणखी हाडकुळं होऊन दारात उभं. दवाखान्यातली सेवा कितीही निष्ठेची असली तरी ती गळक्या रांजणात पाणी ओतण्यासारखी होती. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली, कायम दुष्काळी समजल्या जाणाऱ्या जामखेडमध्ये, जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं.

पुढे जे घडलं त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी मागे घेतलेली पावलं. लोकांना आरोग्य द्यायला आलेल्या डॉक्टरांना लोकांनी सांगितलं, आम्हाला औषध नको, पाणी आणि अन्न हवं. १९७२ चा दुष्काळ तेव्हा तोंडावर होता. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडायची कामं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी अजून आठवते. आरोळ्यांनी ऐकलं. कूपनलिका खोदल्या, हातपंप बसवले, आणि जागा ठरवताना त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. पोषणाच्या लेखात हातपंपाचं काय काम, असं कोणी विचारील. दूषित पाण्याने होणारे जुलाब हेच बाळाच्या अंगचं मांस झडण्याचं मोठं कारण असतं, आणि तीन मैलांवरून हंडा वाहणाऱ्या आईला दिवसातून पाच वेळा बाळ भरवायला वेळ मिळत नाही. बाळाच्या वाटीकडे जाणारा रस्ता हातपंपावरून जातो. याच जिल्ह्यात हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पुढे पाणलोटाच्या कामाला वाहून घेतलं, त्यामागेही दुष्काळात धान्य वाटून झाल्यावरचा हाच शहाणपणा होता.

दुसरं मागे घेतलेलं पाऊल अधिक मोठं. सुरुवातीला त्यांनी गावांत शिकलेल्या परिचारिका नेमल्या. बाहेरच्या तरुण मुली, शहरी भाषा, गावात एकटीने राहायची भीती. कोणी त्यांचं ऐकेना. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडून द्याव्यात असं ठरलं. निवडून आलेल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, गावात काय पाहिलं ते सांगत आणि नवं शिकून परत जात. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एका ताटाला हात लावायला कचरत होत्या. त्यांना रात्री अंगावर घ्यायला एकच मोठं पांघरूण देण्यात आलं. यांनीच घरोघर जाऊन मुलांची वजनं घेतली, दंडाचा घेर मोजला. एवढीशी गोष्ट, पण तिच्याकडे नीट बघावं असं मला वाटतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड फारसा बदलत नाही, म्हणून एका पट्टीने काम भागतं. घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेला तर मूल धोक्यात, साडेअकराच्या खाली गेला तर जिवाला धोका. अक्षर न येणारी बाईही पट्टीवरचा रंग वाचू शकते. आणि तिने ती पट्टी सासूच्या समोर बाळाच्या दंडाला लावली की इतके दिवस ‘आमच्यात अशीच बारीक मुलं असतात’ म्हणून झाकलेली गोष्ट उघडी पडते. मूल सुकलं ते देवीमुळे नव्हे, हे आधी त्या बायकांना स्वतःला पटावं लागलं. त्यासाठी आधी गावातली काही खंगलेली मुलं घट्ट वरण-भाकरीवर बाळसं धरताना त्यांनी पाहिली. गावच्या शेतकरी मंडळांनी आणि महिला मंडळांनी सुरुवातीच्या काळात मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, पण भर राहिला तो आपल्या घरच्या चुलीवर काय करता येईल यावर. देणाऱ्याने स्वतःकडचं अन्न जितकं कमी केलं, तितकं घरातलं अन्न बाळापर्यंत पोचू लागलं.

परिणाम काय झाला? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. वजन कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या घरात आलं. अशा आकड्यांवर एक रास्त आक्षेप असतो: ते काम करणाऱ्यांचे स्वतःचे आहेत, आणि त्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातले बालमृत्यू सगळीकडेच घटले. तो मान्य करून पुढे जाऊ. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक तुलनात्मक अभ्यास आला. त्यात जामखेड प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली, प्रकल्पाबाहेरची गावं ताडून पाहिली होती. शिक्षण, गरिबी वगैरेंचा फरक हिशेबात धरूनही प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. मात्र हा फरक पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंत होता, नवजात बाळांच्या मृत्यूंत तो दिसला नाही. मला हा बारकावा सगळ्यात बोलका वाटतो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू मुख्यतः अपुऱ्या दिवसांचं बाळ, बाळंतपणातली गुंतागुंत आणि जंतुसंसर्ग यांचे असतात. त्यानंतर ते अन्न, पाणी, जुलाब आणि गोवराचे असतात. म्हणजे फरक नेमका तिथे पडला जिथे त्या गावातल्या बायकांचा हात पोचत होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गावातल्या बाईला आरोग्याचं काम शिकवता येतं ही त्यांची कल्पना २००५ नंतर ‘आशा’ या नावाने देशभर पसरली, ती मला त्याहून मोठी पावती वाटते.

इथे पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. हे सगळं सरकारचं काम आहे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. दानधर्माचं कौतुक केलं की सरकार अंग काढून घेतं. या आक्षेपात मोठं तथ्य आहे. ज्या हक्कासाठी गरीब माणूस भांडू शकतो तो हक्क, आणि जे दान कोणाच्या तरी मर्जीवर येतं ते दान, यांत निवड करायची वेळ आली तर मी हक्काच्या बाजूने उभा राहीन. मात्र अंगणवाडीतून मिळणारं पूरक आहाराचं पाकीट घरात आल्यावर काय होतं ते बघायला हवं. ते चार पोरांत वाटलं जातं, म्हाताऱ्याच्या चहाबरोबर खाल्लं जातं, चव आवडली नाही तर कोंबड्यांपुढे पडतं. त्यात आईचा दोष नाही, गरीब घरात अन्न सगळ्यांचं असतं. एका अंगणवाडी सेविकेकडे नोंदींचा डोंगर असतो. दहा घरी जाऊन दहा वेळा तीच गोष्ट समजावायला तिला वेळ कुठून मिळणार? धर्मादाय संस्थेने तिच्या जागी दुसरं पाकीट आणून टाकलं तर नुकसानच. तिच्या पाकिटापासून बाळाच्या वाटीपर्यंतचं अंतर कापायला माणसं दिली, तर सरकारची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, उलट लोक ती अधिक नेटाने मागू लागतात. जामखेडच्या बायका सरकारी योजना गावात येण्याची वाट बघत बसल्या नाहीत, त्या मागायला जाऊ लागल्या.

दुसरा आक्षेप जुना आणि दुखरा आहे. पोटाला घास देऊन मन विकत घ्यायचं, हा आरोप मिशनऱ्यांवर दुष्काळांच्या काळापासून होत आला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी विधवा आणि मुली गोळा करून केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. त्यांतल्या कितीतरी जणी तिथे ख्रिस्ती झाल्या आणि पुण्यातून त्यावर टीकेची झोड उठली. त्या मुली वाचल्या ही गोष्ट मोठी आहे, पण उपाशी माणसाचा होकार मोकळा असतो का, हा प्रश्नही खोटा नाही, आणि तो केवळ एका धर्मापुरता नाही. प्रसादासोबत पक्षाचं पत्रक देणारी, शिधा देताना विशिष्ट जातीच्याच घरात थांबणारी, शेजारच्या वेगळ्या धर्माच्या वस्तीकडे पाठ फिरवणारी सेवा आपण पाहतोच. यावर मला एकच कसोटी पुरेशी वाटते. ज्या बाळाचा दंड सर्वांत बारीक त्याच्या घरी आधी जायचं, मग ते घर कोणाचंही असो, आणि त्या घराने पुढे काय मानावं यावर एक अक्षर बोलायचं नाही. जामखेडमध्ये धर्मांतर हे प्रकल्पाचं उद्दिष्ट नव्हतं, निवडलेल्या बायका आपापल्या देवाला हात जोडूनच काम करत राहिल्या. दंडाला लावायच्या पट्टीला धर्म नसतो. तिच्या क्रमाने गेलं की निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा मात्र ताटात आहे, आणि तो सर्वांत अवघड. धर्म पुष्कळदा काय खाऊ नये हे सांगतो. २००० साली बंगळूरच्या इस्कॉनच्या प्रेरणेने सुरू झालेल्या अक्षयपात्र संस्थेने यंत्रांच्या जोरावर शाळांना गरम जेवण पोचवण्याची जी व्यवस्था उभी केली ती खरोखर थक्क करणारी आहे. पण त्या जेवणात अंडं नसतं, कांदा-लसूणही नसतो, आणि त्यावरून कर्नाटकात बराच वाद झाला. २०२१ मध्ये त्या राज्याने मागास जिल्ह्यांतल्या शाळांत अंडी सुरू केली तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळी, असं ठरलं. त्यालाही काही गटांचा विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला. हवं तर शाळांनी लोकवर्गणीतून सोय करावी, असं सुचवण्यात आलं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं असतात, अ जीवनसत्त्व असतं, बी-१२ असतं. केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम आणि बी-१२ नाहीच. बी-१२ वनस्पतीजन्य अन्नात मुळी नसतंच, ते दुधातून, अंड्यातून, मासे-मटणातून येतं. म्हणून दाता शाकाहारी असेल तर त्याने आपला धर्म सोडावा असं मी म्हणणार नाही, पण मग त्याने केळ्यावर सुटका करून घेऊ नये. त्याने रोज पेलाभर दूध, ताक, दही, पनीर द्यावं, जे अंड्यापेक्षा महाग पडतं. आपल्या व्रताची किंमत आपण मोजायची, ज्याला व्रत नाही अशा भिल्ल, ठाकर, कोरकूच्या पोराने ती का मोजावी? त्याच्या घरी अंडं निषिद्ध नाही, परवडत नाही एवढंच. दानात घेणाऱ्याची गरज आधी आणि देणाऱ्याचं पुण्य नंतर, हे एकदा मानलं की या वादातला बराच धुरळा खाली बसतो.

आणखी एक आक्षेप तज्ज्ञांकडून येतो. एवढा घोळ कशाला, गोळ्या वाटा, मीठ-तांदळात पोषकं मिसळा, काम झालं. काही उणिवांबाबत हे अगदी बरोबर आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगाने मिठात आयोडीन मिसळलं की गलगंड ओसरतो हे दाखवून दिलं. ते काम कायद्याने आणि मिठाच्या कारखान्याने करायचं आहे, तिथे देवस्थानाने खर्च करण्याचं कारण नाही. अ जीवनसत्त्वाच्या डोसाने मृत्यू कमी होतात हे आल्फ्रेड सोमर यांनी १९८६ मध्ये इंडोनेशियातल्या अभ्यासातून मांडलं, आणि तो डोस लसीकरणासोबत दिला जावा हेच योग्य. पण लोहाची गोळी रोज, महिनोन्महिने घ्यावी लागते. तिने मळमळतं, शौचाला काळं होतं, सासू म्हणते बाळ काळं होईल. डब्यात पडून राहिलेल्या गोळ्यांनी रक्त वाढत नाही. तिथे पुन्हा शेजारची बाई लागते, रात्री जेवण झाल्यावर ‘घेतलीस का?’ असं विचारणारी.

मग आपल्या देवळांनी, गुरुद्वारांनी, मशिदींनी, चर्चनी नेमकं काय करावं? मला वाटतं त्यांच्या हाती आधीच एक पंचांग आहे, फक्त ते बाळाच्या बाजूने वाचायला हवं. आपल्याकडे डोहाळजेवण आहे. गर्भार बाईला तिच्या मनासारखं, पोटभर, सगळ्यांसमोर खाऊ घालण्याचा तो दिवस. तो एकाच दिवसापुरता का? बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि लोहाने भरलेल्या अळिवाची खीर देणं हे आपल्या आज्यांचं शहाणपण. ज्या घरात डिंक-अळीव परवडत नाहीत तिथे संस्थानाने शिध्यात अळिवाची पुडी, शेंगदाणे, गूळ आणि तेलाची पिशवी घालावी. रोजाच्या महिन्यात गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला मोकळीक आहे हे मौलवींनी सांगितलं तर ती ऐकते, डॉक्टरने सांगितलं तर तिला अपराधी वाटतं. हरतालिकेच्या निर्जळी उपासाबद्दल कीर्तनकार एक शब्द बोलला तर तेच होईल. गाडगेबाबांनी कीर्तनातून खराटा गावाच्या हाती दिला आणि देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या. कीर्तनाच्या व्यासपीठावरून चुलीपर्यंत पोचता येतं, याचा याहून मोठा दाखला शोधायची गरज नाही.

आणि उष्टावण तर आपल्याकडे आहेच. सहाव्या-सातव्या महिन्यात मामाच्या मांडीवर बसवून, सोन्या-चांदीच्या वस्तूने खीर चाटवायचा हा विधी इतका अचूक वेळेवर येतो की जणू जागतिक आरोग्य संघटनेनेच तो ठरवून दिला असावा. पण दुसऱ्या दिवसापासून पुष्कळ घरांत बाळ पुन्हा नुसत्या दुधावर आणि वरणाच्या पाण्यावर येतं, कधी दात येईपर्यंत, कधी वर्षाचं होईपर्यंत. गावच्या मंदिराने दर महिन्याच्या एखाद्या ठरलेल्या तिथीला सामुदायिक उष्टावण ठेवावं, सगळ्या जातींच्या बाळांचं. मंडपात देवापुढे एक वजनकाटा असावा, एक दंड मोजायची पट्टी असावी. गावातली आशा आणि अंगणवाडी सेविका मानाच्या पाहुण्या असाव्यात. प्रसाद म्हणून नारळ देण्याऐवजी झाकणाची एक स्टीलची वाटी द्यावी, दोनशे मिलिलिटरची, आत मापाची एक रेघ कोरलेली, आणि आईच्या देखत त्या वाटीत भाकरी, डाळ, पाला आणि तेल कालवून पहिला घास भरवावा. मग पुढचे अठरा महिने, दर महिन्याच्या त्याच तिथीला, ती वाटी आणि ते बाळ पुन्हा काट्यावर यायला हवं. जे येणार नाही त्याच्या घरी सप्ताहाच्या भाकऱ्या गोळा करणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. भाकरी मागायला दर घरी जायची त्यांना सवय आहेच.